कोयनेल आणि युरोपचा नकाशा

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर युरोपचा नकाशा लागला, त्या दिवशी मी हिवतापाने अंथरुणात होते. कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं क्विनीन, घेतलं की कानांत रातकिडे ओरडायला लागतात. तसे ते ओरडत होते, आणि त्यांच्या कालव्यातून खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. घोंगडी अंगाभोवती गुंडाळून मी दारापर्यंत गेले. माझे यजमान स्टुलावर उभे राहून, तोंडात दोन खिळे धरून, भिंतीएवढा कागद सरळ करत होते.

"हे काय?" मी विचारलं.

त्यांनी खिळे तोंडातून काढले. "युरोप. आपल्याला जायचंय. तू आणि मी."

मला वाटलं, ताप अजून उतरलेला नाही. मी परत जाऊन पडले.

हे जव्हार संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टर होते. लग्न होऊन मी नाशकाहून आले, तेव्हा जव्हारला यायला धड रस्ताही नव्हता. पाऊस लागला की घाट बंद, आणि पाऊस सरला की हिवताप. भात कापणीला आलं की ज्याच्या त्याच्या घरी कोणीतरी हुडहुडत पडलेलं असायचं. दवाखान्यातली सगळ्यांत मोठी बरणी कोयनेलची. आम्ही दोघंही जेवणानंतर त्याच्या गोळ्या घ्यायचो. मी तोंड वेडंवाकडं करून घ्यायची, हे सुपारी तोंडात टाकावी तसे टाकायचे.

यांना विलायती संगीताचं वेड होतं. मुंबईत वैद्यकी शिकताना ते धोबीतलावाजवळ एका खोलीत राहायचे, आणि खालच्या मजल्यावर एक गोवेकर मास्तर फिडल शिकवायचे. जिन्यातून येणारा तो आवाज ऐकत ऐकत एक दिवस हे खाली उतरले आणि शिकायला बसले. जव्हारला येताना सामानात फिडल होतं, आणि पुढे ग्रामोफोनही आला. मी वाढले कीर्तनं आणि नाटकांची पदं ऐकत. यांच्या तबकड्या लागल्या की मला वाटायचं, लग्नघरात सगळे एकदम बोलताहेत. मी स्वयंपाकघरात निघून जायची.

"अगं, बस जरा," हे म्हणायचे. "एकच माणूस बोलतोय. बाकीचे त्याला हुंकार देतायत, एवढंच."

"कोणता माणूस ते तरी सांगा."

"तोच शोधायचा असतो."

नकाशा लागल्यावर घरातलं सगळं बदललं. मुंबईहून रेल्वेची वेळापत्रकं आली, आगबोटींची आली, जर्मन भाषेचं एक पुस्तक आलं. यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या नेल्या आणि गावागावावर टोचल्या. मग लाल दोरा घेऊन एका टाचणीपासून दुसरीपर्यंत ताणला. व्हेनिसला उतरायचं. तिथून व्हिएन्ना, मग प्राग, मग लाइपझिग, मग ऱ्हाइन नदीकाठची गावं, आणि शेवटी पॅरिस. कुठल्या गावी कोणत्या महिन्यात गाण्याचा मोसम असतो, कुठल्या चर्चमध्ये कोणतं वाद्य आहे, कोणत्या घरात कोण राहत होतं, हे सगळं यांना तोंडपाठ. जेवताना ताटाशेजारी वेळापत्रक उघडं असायचं. एकदा आमटीचा थेंब बरोबर स्वित्झर्लंडवर पडला, तेव्हा मी म्हणाले, "झालं, तिकडे जायला नको."

हे हसले. मी हसले नाही. मला खरंच भीती वाटत होती.

समुद्र मी एकदाच पाहिला होता, मुंबईच्या चौपाटीवर, आणि तेव्हाही पाय ओले करून मागे पळाले होते. त्या पाण्यावर दिवसचे दिवस राहायचं, जमीन दिसणार नाही, खाली किती खोल आहे ते कोणालाच ठाऊक नाही, या विचाराने मला रात्री जाग यायची. तिकडची थंडी, तिकडचं खाणं, एक शब्द न कळणारी माणसं. आणि परत आल्यावर आपली माणसं आपल्या पंक्तीला बसतील का? हळदीकुंकवाला गेले की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. एकीने तोंडावरच विचारलं, "मूलबाळ नाही म्हणून हिंडायचं सुचतंय, नाही का?" मी पदर सारखा केला आणि घरी आले.

तरी "मी येणार नाही" असं मी एकदाही म्हणाले नाही, आणि त्याला कारण माझा मामा. तो फौजेत ड्रेसर होता. जखमा बांधायचं काम करायचा. महायुद्धात त्याला फ्रान्सला नेलं आणि तिथल्या थंडीत छाती भरून तो गेला. आजीला शेवटपर्यंत कळलं नाही, की फ्रान्स म्हणजे कुठे. माझे वडील शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या कपाटातली राज्यक्रांत्यांची आणि बादशहांची पुस्तकं मी चोरून वाचलेली होती, पण माझ्यासाठी त्या सगळ्या इतिहासाला चेहरा होता तो मामाचा. हे पॅरिसला दोरा बांधत होते, तेव्हा मी म्हणाले, "थोडं वर न्या."

"वर काय आहे?"

"मामा."

यांनी एक टाचणी काढून माझ्या हातात दिली. ती मी स्वतः टोचली.

मोखाड्याच्या बाजूला, संस्थानच्या हद्दीपलीकडे, इंग्रज सरकारचा एक जंगल अधिकारी बंगल्यात राहायचा. त्याची मडम लहानपणी लाइपझिगला पियानो शिकली होती, असं यांच्या कानावर आलं. झालं, थंडीच्या सुरुवातीला आम्ही बैलांची दमणी जुंपून तिला भेटायला निघालो. मडम उंच, हाडकुळी, पण मनाने मोकळी निघाली. तिला मराठी बरंच यायचं, तेही नोकरांकडून शिकलेलं, त्यामुळे ती मलाही "अरे" म्हणायची. तिने आमचा सगळा बेत ऐकून घेतला आणि दोन गावं उलटीपालटी केली.

"एप्रिलमध्ये निघा," ती म्हणाली. "गाणं जूनमध्ये संपतं. मग सगळे लोक डोंगरात जातात. तू स्वेटर नेणार ना? नाही तर मरशील."

मरशील हा शब्द तिने इतक्या सहज वापरला, की मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मग तिने पियानो वाजवला. दमट हवेने त्याच्या काही पट्ट्या बसल्या होत्या, तरी वाजवताना तिचा चेहरा तरुण झाला. हे आधी खुर्चीत बसले होते. मग उठून पियानोजवळ गेले, मग वाकले, मग अगदी कान लावावा तसे झुकले. मला लाज वाटली. परक्या बाईच्या इतक्या जवळ! संपल्यावर ते म्हणाले, "शेवटचं पुन्हा वाजवाल?" तिने वाजवलं. हे तिच्या बोटांकडे बघत राहिले.

परतताना ऊन कलायला आलं होतं. एका ओढ्याच्या उतारावर बैल एकदम थबकले. गाडीवान खाली उतरला नाही. त्याने फक्त कासरा आवळला आणि कुजबुजला, "बाय, गप रहा." डावीकडच्या झाडीत चितळ ओरडलं, बारीक, शिट्टीसारखं. पुन्हा ओरडलं. मग दुसरं. चितळ असं ओरडतं ते वाघाचा वास आला की, हे त्या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल. मी यांचा दंड धरला.

हे खणखणीत आवाजात म्हणाले, "का थांबलो?"

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. गाडीवानाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, वेड्याकडे पाहावं तसं. चितळ ओरडतच होतं. हे माझ्याकडे आणि झाडीकडे आळीपाळीने बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कळेना. भीती नव्हती ती. ज्याला पत्ता सापडत नाही अशा माणसाचा तो चेहरा होता.

थोड्या वेळाने झाडी शांत झाली. बैलांनी कान हलवले आणि आपणहून चालू लागले. ओढा मागे पडल्यावर हे हळू म्हणाले, "काय ओरडत होतं?"

"चितळ. तुम्हाला नाही आलं ऐकू?"

"नाही."

"एवढं मोठ्यानं?"

"वरचे सूर गेलेत माझे," ते म्हणाले. "आधी रातकिडे गेले. मग सकाळचे पक्षी. तुझ्या बांगड्या गेल्या पावसाळ्यापासून ऐकू येत नाहीत. मडमने शेवटी जे वाजवलं ते मी नुसतं पाहिलं."

मी हातांकडे बघितलं. बांगड्या तर वाजतच होत्या, दमणीच्या प्रत्येक हिसक्याला.

"कशानं?"

"कोयनेलनं. इतकी वर्षं घेतोय, तेही मोठ्या मापानं. काहींच्या कानांना ते सोसत नाही."

"व्हिएन्नाला मोठे डॉक्टर असतील की. त्यांना दाखवू."

"मीही डॉक्टरच आहे गं. गेलेलं परत येत नाही. आहे ते जायच्या आत ऐकून घ्यायचंय, म्हणून घाई."

तोवर मला समुद्राची भीती होती. त्या दिवसापासून ती बारीक वाटायला लागली. घरी मी भांडी मुद्दाम आपटून बघायची. पाठीमागून हळू हाक मारून बघायची आणि उत्तर आलं नाही, की समोर जाऊन पुन्हा हाक मारायची. रस्त्याने जाताना मागून कोणी येतंय का, हे मीच बघायला लागले. उद्या सगळंच गेलं तर दवाखाना कसा चालवणार? छातीला नळी लावून काय ऐकणार? यांना विचारायचं धाडस झालं नाही.

दरबाराकडून रजा मिळाली, चैत्रातल्या बोटीवर जागाही मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी यांची देवीची लस टोचायची फिरती निघाली. मी हट्टाने बरोबर गेले. यांना एकट्याला रानात सोडायला माझं मन घेईना. बरोबर दवाखान्याचे कंपाउंडर होते. वयाने यांच्याहून मोठे, शांत, आणि डॉक्टरसाहेब म्हणतील ती पूर्व दिशा मानणारे. दाभोसा करून आम्ही साखरशेतला आलो. खळ्यांवर भात झोडणं चाललं होतं, नागली घरात आली होती, आणि लोक खुशीत होते. आम्हाला उतरायला एक रिकामं घर सारवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोचणी चालू असतानाच यांचे दात वाजायला लागले. हातातली सुई कंपाउंडरांकडे देऊन ते घरात येऊन पडले. मी होत्या नव्हत्या तेवढ्या घोंगड्या टाकल्या, तरी खाट हलत होती.

"कोयनेल देते," मी म्हणाले.

"नको."

"नको काय? कालची गोळी घेतली होती ना?"

मी त्यांच्या तोंडाजवळ गेले आणि मोठ्याने पुन्हा विचारलं.

"मोखाड्याहून आल्यापासून घेत नाही," ते म्हणाले. "चैत्रापर्यंत कान टिकवायचे होते. थंडीत हिवताप कमी असतो, म्हटलं निभावेल."

मी जमिनीवर बसले.

यांनी कंपाउंडरांना बोलावलं. दातांवर दात आपटत होते, तरी शब्द स्पष्ट काढून म्हणाले, "मला कोयनेलची सुई द्यायची नाही. आज नाही. हा साधा ताप आहे, उद्या उतरेल. उतरला नाही तर मी सांगेन."

"बरं साहेब," कंपाउंडर म्हणाले.

ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी मला ओळखलं. ऊन वर आलं तसं ओळखेनासे झाले. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघताना ते माझ्या पलीकडे बघत होते. मग बोलायला लागले. आधी इंग्रजीत, मग गावांची नावं. व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग. बोटाने घोंगडीवर एक रेघ ओढत होते, पुसत होते, पुन्हा ओढत होते. तोच लाल दोरा असावा. मी बोट धरलं, तर त्यांनी मला ढकललं. इतक्या वर्षांत मला यांचा धक्का कधी लागला नव्हता.

बाहेर खळ्यावर कोणी हसत होतं. शेजारच्या घरची बाई दारात येऊन उभी राहिली, आत बघितलं, आणि पदर तोंडाला लावून गेली. तिच्या त्या जाण्याने मला कळलं, की हे मरताहेत.

मी कंपाउंडरांना म्हणाले, "सुई उकळा."

ते तिथेच उभे राहिले. "वहिनी, साहेबांनी नाही सांगितलंय."

"ते आता सांगण्यासारखे आहेत का?"

"शुद्धीवर आल्यावर मला काय म्हणतील?"

"शुद्धीवर आले तर म्हणतील ना!" मी ओरडले. "मी सांगितलं म्हणून सांगा. त्यांना मी उत्तर देईन."

त्यांनी स्टोव्ह पेटवला. पाणी उकळायला किती वेळ लागला, देव जाणे. मला वाटत होतं, हे पाणी कधीच उकळणार नाही. मग त्यांनी औषध भरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"अर्ध्या मापानं देऊ? कानांचं..."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मी यांच्याकडे बघितलं. ओठ सुकून फुटले होते, आणि आता गावांची नावंही येत नव्हती, नुसता घशातून एक आवाज येत होता. मला एकदम त्यांचं फिडल दिसलं, जव्हारला खुंटीला टांगलेलं. त्या क्षणी मला सगळं कळत होतं. मी काय देते आहे आणि काय घेते आहे, ते.

"पुस्तकात असेल तेवढं पुरं द्या," मी म्हणाले.

त्या सुईनंतर आणखी दिल्या. अधूनमधून कंपाउंडर नाडी बघायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडे. ताप हटला तेव्हा यांना इतका घाम आला, की घोंगड्या पिळून काढाव्या लागल्या. गावातल्या माणसांनी डोली बांधली आणि यांना खांद्यावर घेऊन जव्हारला निघाले. मी डोलीच्या बाजूने चालत होते. वाटेत प्रत्येक चढावर थांबून मी यांच्या नाकाशी हात धरायची. एकदा श्वास लागेना, मी किंचाळले. डोली खाली ठेवली. श्वास होता. माझाच हात गार पडला होता. पुढच्या माणसाने मला पाणी दिलं आणि म्हणाला, "बाय, आम्ही हाव ना. चल."

घरी आल्यावर हे दिवसचे दिवस झोपूनच होते. मी खाली वाकून, तोंडासमोर येऊन बोलायची. ते माझ्या ओठांकडे बघायचे. एका दुपारी त्यांनी स्वतःहून विचारलं, "किती दिलंस?"

"पुरं."

त्यांचं बघणं माझ्या ओठांवरून डोळ्यांवर आलं. म्हणाले, "बरोबर केलंस." आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्या पाठीकडे बघत मी बसून राहिले. हा माणूस आता जगायचं नाही म्हणाला तर काय करू, एवढा एकच विचार डोक्यात घुमत होता.

हे उठून फिरायला लागले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी फिडल काढलं. हनुवटीखाली धरून गज फिरवला. खालच्या दोन तारांवर थोडं वाजवलं, मग वर गेले, आणि गज फिरतच राहिला, पण चेहरा थांबला. फिडल पेटीत ठेवून ते म्हणाले, "बोटीवरची जागा सोडून द्यायला कळवतो."

"थांबा," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले. "थांबा म्हणते ना."

खरं सांगायचं तर माझ्यातली अर्धी बाई सुटल्यासारखी झाली होती. समुद्र नको, थंडी नको, घर बरं. पण त्या पाठमोऱ्या माणसाबरोबर जव्हारच्या घरात म्हातारं व्हायचं, ही भीती समुद्राहून मोठी होती. मी ग्रामोफोन उघडला, चावी दिली, एक तबकडी लावली आणि त्यांना कर्ण्याजवळ बसवलं.

"काय काय ऐकू येतं ते सांगा."

ते वैतागले. "काय करायचंय?"

"नुसतं सांगा."

"ढोल. आणि ते मोठं फिडल, उभ्यानं वाजवतात ते. मधलं थोडं. वरचं काही नाही."

"वर बाई गातेय," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. मला पाठ आहे ती."

दुसरी लावली, तिसरी लावली. रोज दुपारी आमचं हेच चालायचं. जी तबकडी लागली की मी स्वयंपाकघरात पळायची, तीच आता कान देऊन ऐकायची, कारण कुठे काय वाजतंय ते मला यांना सांगायचं होतं. ऐकता ऐकता एक दिवस मला तो बोलणारा माणूस सापडला. मी ओरडले, "हा बघा, हा बोलतोय!" यांनी माझ्या ओठांवरून वाचलं आणि आजारानंतर पहिल्यांदा हसले.

शेवटी एक तबकडी निघाली चर्चमधल्या ऑर्गनची. मोठ्या नळ्यांचं ते वाद्य, इमारतीएवढं. यांनी डोळे मिटले. तबकडी संपली तरी उघडेनात. मला वाटलं पुन्हा काही झालं. मी खांदा हलवला.

"खालच्या नळ्या सगळ्या येतात," ते म्हणाले. "सगळ्या."

मग आम्ही नकाशासमोर बसलो. यांनी दोरा सोडला. ज्या गावांना फक्त गाणाऱ्या बायका आणि बारीक फिडलं होती, त्या टाचण्या काढल्या. त्या काढताना त्यांचा हात जड झाला, तेव्हा मी काढल्या. मडमला निरोप पाठवून विचारलं, ऑर्गन कुठे कुठे चांगले आहेत. ती स्वतःच आली, घोड्यावरून, आणि यांच्या कानाशी इतकी ओरडली, की शेजारचे दारात आले. तिने उत्तर जर्मनीतली चार-पाच गावं सांगितली. त्यांची नावं मला म्हणता येत नव्हती. व्हिएन्नातला एक मोठा वाद्यवृंद राहू दिला. "पुढे बसा, उजवीकडे," ती म्हणाली, "खालची वाद्यं तिकडे असतात." मामाची टाचणी तिथेच राहिली.

चैत्रात आम्ही निघालो. डहाणूपर्यंत मोटारीने, तिथून रेल्वेने, आणि मग ती बोट. बोटीवर पहिले दिवस मी डोळे उघडले नाहीत. पुढचं सगळं सांगायला बसले तर संपायचं नाही. मामाचं नाव फ्रान्समधल्या एका भिंतीवर कोरलेलं सापडलं. शब्दलेखन चुकलेलं होतं, पण तो होता. मी त्यावर हात ठेवला, तेव्हा हे टोपी काढून बाजूला उभे होते. व्हिएन्नाला फिडलं वाजत होती ती मी यांच्या तळहातावर बोट वरखाली करून सांगितली. आणि लाइपझिगच्या चर्चमध्ये ऑर्गनने बाकाची फळी थरथरली, तेव्हा यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं.

पण मला सगळ्यांत लख्ख आठवते ती एक हद्द. कोणत्या दोन देशांमधली, ते आता नीट सांगता यायचं नाही. गाडी थांबली आणि डब्यात दोन शिपाई चढले. यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं. एकाने काहीतरी विचारलं. यांनी मान वळवली नाही. त्याने पुन्हा विचारलं, चढ्या आवाजात. मग यांच्या खांद्यावर हात टाकला. हे दचकून उठले, तशी दुसऱ्या शिपायाने कमरेच्या पट्ट्याला हात घातला. डब्यातली माणसं गप्प झाली.

मी उठून मध्ये उभी राहिले. मला इंग्रजी जेमतेम यायचं आणि त्यांची भाषा तर मुळीच नाही. तोंडातून निघालं ते मराठी, आणि तेही ओरडून.

"ऐकू येत नाही त्यांना! मला विचारा काय ते!"

मी कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली, आणि पासपोर्ट पुढे केले. तो दुसरा शिपाई माझ्या नऊवारीकडे, कुंकवाकडे बघत राहिला. मग त्याने पट्ट्यावरचा हात काढला, शिक्का मारला आणि टोपीला हात लावून खाली उतरला.

गाडी हलली. मी यांच्याशेजारी बसले आणि त्यांच्या बाहीचं टोक मुठीत धरलं.

"काय म्हणत होता तो?" यांनी विचारलं.

"कुठे चाललात म्हणून विचारत होता."

"मग? सांगितलंस?"

"हो," मी म्हणाले, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश. "सांगितलं."